मथळा आपल्या बोलीत, अटी कुणाच्या?

नागपुरात वर्धा रोडवर, छत्रपती चौकाच्या अलीकडे, महिनाभर एक फलक होता. ‘काऊन बे, अजून भाड्यानंच राहतं का?’ अशी हातभर अक्षरं, शेजारी कपाळाला हात लावून बसलेला तरुण आणि खाली एका फ्लॅट स्कीमचं नाव. फलक लागला आणि ओळखीपाळखीच्यांत दोन तट पडले. एक तट म्हणाला, ही भाषेची विटंबना आहे, उद्या पोरं उत्तरपत्रिकेत असंच लिहितील. दुसरा म्हणाला, जन्मभर पुण्याची मराठी वाचली, आता आमची बोली मोठ्या अक्षरांत दिसली तर तुमच्या पोटात का दुखतं? मी अठरा वर्षं याच शहरात जाहिरातींचा मजकूर लिहिते, म्हणून दोघांनीही मला साक्षीला ओढलं. मला दोन्हीकडचं भांडण अर्धवट वाटतं, कारण दोघांनीही फलकाचा वरचा भागच वाचला. खाली उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत चार ओळी होत्या. मोठ्या अक्षरातली किंमत कोणत्या मजल्यासाठी आहे, पार्किंगचे पैसे वेगळे, जीएसटी वेगळा, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च वेगळा. या चार ओळी कोणत्या बोलीत आहेत, हे कुणीच विचारलं नाही.

माझं म्हणणं असं आहे. ज्याला विकायचं त्याच्या भाषेत, त्याच्या सुरात लिहिलंच पाहिजे. यावर वाद नको. पण तो सूर मथळ्यापुरता ठेवायचा आणि जिथे माणसाचा पैसा किंवा जीव अडकतो तिथे परकी भाषा वापरायची, हा धंदा बंद झाला पाहिजे. बोली की प्रमाण हा प्रश्न त्याच्या नंतरचा आहे.

प्रमाण मराठीची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं समजत नाही. गडचिरोलीची मुलगी आणि रत्नागिरीचा मुलगा एकच मजकूर वाचू शकतात, ही लहान गोष्ट नाही. ती शाळांनी आणि वर्तमानपत्रांनी दीड शतक खपून उभी केली आहे. शिवाय त्यांचा दुसरा मुद्दा आणखी बोचरा आहे. नाटकात, मालिकेत, जाहिरातीत बोली कुणाच्या तोंडी येते? शिपायाच्या, गड्याच्या, गावाकडून आलेल्या बावळट पाहुण्याच्या. डॉक्टर, वकील, बँकेचा साहेब बोलीत बोलत नाही. मग फलकावर बोली आली याचा आनंद कशाचा, ती तर विदूषकाची टोपी घालूनच आली, असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही. त्या फलकावरचा तरुणही कपाळाला हात लावलेला, जरा भैताडच दाखवला होता.

बोलीवाल्यांचं म्हणणंही तितकंच खरं आहे. प्रमाण भाषा आकाशातून पडली नाही. ती एका भागाची, एका वर्गाची बोली होती आणि छापखान्याने तिला मान दिला. आमच्या विदर्भातली किती मुलं पुण्याच्या होस्टेलमध्ये ‘मी जेवून राहिलो’ म्हणाली आणि खोलीभर हशा झाला! पुढे सहा महिन्यांत ती मुलं ‘मी जेवतोय’ म्हणायला शिकतात आणि दिवाळीला घरी आल्यावर आईसमोर तेच म्हणतात, तेव्हा आई क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहते. हे मी पाहिलं आहे. अशा मुलाला आपल्या घरातली क्रियापदं चौकात मोठ्या अक्षरांत दिसली तर त्याला बरं वाटणारच. त्या बरं वाटण्याला मी हिणवणार नाही.

पण तो फलक खरंच आपल्या बोलीत होता का? ‘भाड्यानं’ हा शब्द पाहा. नागपुरात घर भाड्याने घेतं कोण? आपण किरायानं राहतो. घरमालक किरायेदार ठेवतो, किराया वाढवतो, किरायासाठी दोन तारखेला दार वाजवतो. लिहिणाऱ्याने प्रमाण मराठीतलं वाक्य घेतलं, पुढे ‘काऊन बे’ चिकटवलं, ‘राहतोस’चं ‘राहतं’ केलं आणि झाली नागपुरी. हा सूर ऐकून लिहिलेला नाही. माझ्या कामात मी एक गोष्ट शिकले आहे: बोली आधी नावांत असते, हेलात नंतर. इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मसाल्याच्या पुडीवर ‘वरून सांबार घाला’ असं पुण्याच्या माणसाने वाचलं तर तो डाळीचं सांबार ओतेल, आणि ‘कोथिंबीर’ वाचून आमच्या बाईचं काही अडणार नाही, पण पुडी परगावची आहे हे तिला कळेल. शेंगदाण्याचं तेल आम्ही फल्लीचं तेल म्हणून मागतो. बटाटा आमच्याकडे आलू. प्लॉट-लेआउटला मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेचं नागपूर सुधार प्रन्यास हे नाव पत्रव्यवहारात. लोक म्हणतात एनआयटी. प्लॉट घ्यायला निघालेला मास्तर पहिला प्रश्न विचारतो, ‘एनआयटीचं आरएल आहे का?’ आरएल म्हणजे रिलीज लेटर, प्लॉट प्रन्यासाने मान्य केल्याचं पत्र. या दोन अक्षरांवर इथे आयुष्यभराची पुंजी लावली जाते किंवा मागे घेतली जाते. ज्या जाहिरातीत या प्रश्नाचं सरळ उत्तर असतं, ती प्रमाण मराठीत असो की बोलीत, ती नागपूरकरासाठी लिहिलेली असते. ज्यात ते नसतं, तिथे कितीही वेळा ‘बे’ लिहा.

आणि ‘बे’चंच पाहू. हा शब्द आमचा आहे, पण तो कुणी कुणाला म्हणावा याचा कायदा इथलं प्रत्येक पोरगं जाणतं. मित्र मित्राला म्हणतो. लहान भावाला म्हणतात. अनोळखी माणसाला ‘बे’ म्हटलं की भांडण होतं. वडीलधाऱ्याला म्हटलं तर कानाखाली बसते. त्याच बोलीत दुसरा शब्दही आहे: ‘जी’. ‘या जी’, ‘बसा जी’, ‘कशी आहे जी तब्येत?’ इतवारीच्या किराणा दुकानात, काटोल-सावनेरच्या एसटीत, कुणाच्या मयतीला गेल्यावर, दिवसभर आपण ‘जी’ म्हणत असतो. हे आदराचं अक्षर या बोलीचं खरं वैभव आहे. मग जाहिरातीत कधी ‘जी’ का येत नाही? ‘या जी, कागद पाहा, मग ठरवा’ असा फलक मी अठरा वर्षांत पाहिला नाही. लिहिणाऱ्यांना बोलीतला उद्धटपणा मजेशीर वाटतो, तिच्यातली अदब त्यांना ऐकूच येत नाही. कारण ती ऐकायला दुकानात, वावरात, दवाखान्याच्या रांगेत बसावं लागतं. रील पाहून ‘बे’ सापडतं, ‘जी’ नाही.

‘वऱ्हाडी टच द्या’ अशी मागणी माझ्याकडे महिन्यातून एकदा तरी येते, आणि मागणाऱ्याला नागपूरच अभिप्रेत असतं. वऱ्हाड म्हणजे अमरावती-अकोल्याकडचा मुलूख. तो १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. नागपूर भोसल्यांचं, ते १८५४ साली खालसा झालं. दोघं एका प्रांतात आले ते १९०३ साली. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूरला झाडीबोली आहे, तिचा बाज वेगळा. खुद्द नागपूर १८६१ पासून १९५६ पर्यंत मध्य प्रांताची, पुढे मध्य प्रदेशाची राजधानी होतं. हिंदी आणि मराठी दोन्ही इथल्या कचेरीत, बाजारात नांदल्या. म्हणून इथला दुकानदार एकाच वाक्यात दोन्ही भाषा वापरतो आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. या सगळ्यावर एकच ‘टच’ द्यायचा म्हणजे गिऱ्हाइकाला न पाहताच त्याच्या मापाचे कपडे शिवायचे.

मग सूर जुळवणं म्हणजे नेमकं काय? गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातले. त्यांची बोली अस्सल वऱ्हाडी. मुंबईत कीर्तन करायला उभे राहिले तेव्हा त्यांनी मुंबईची भाषा घेतली नाही. गिरणगावातल्या, कोकण-घाटावरून आलेल्या लोकांसमोर ते आपल्याच बोलीत बोलले, आणि लोक रात्र रात्र ऐकत बसले. ते समोरच्याला प्रश्न विचारत. कर्ज काढून सण करावा का? पोराला शाळेत घालता की नाही? दारूचे पैसे कुठून येतात? उत्तर लोकांनीच द्यायचं. बाबांनी श्रोत्यांचा हेल उचलला नव्हता, त्यांच्या अडचणी उचलल्या होत्या. म्हणजे परकी बोलीसुद्धा आपली वाटू शकते, जर बोलणाऱ्याला आपला हिशेब ठाऊक असेल. आणि आपली बोलीसुद्धा परकी वाटते, जर बोलणाऱ्याचा डोळा फक्त आपल्या खिशावर असेल.

याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. जाहिरातीशी त्याची तुलना करण्याचं माझ्या मनातही नाही; मी फक्त मजकुराकडे पाहते आहे. लंडनच्या गोलमेज परिषदेत इंग्रजीत बोलणारे, धम्मावरचा ग्रंथ इंग्रजीत लिहिणारे बाबासाहेब. पण दीक्षाभूमीवर त्यांनी लोकांकडून बावीस प्रतिज्ञा मराठीत म्हणवून घेतल्या, आणि त्यांतली वाक्यं अशी की अक्षरओळख नसलेल्या आजीनेही आपण काय सोडतो आहोत आणि काय धरतो आहोत हे जाणून म्हणावीत. तिथे बोलीचा हेल नाही, प्रमाण मराठीच आहे. पण माणूस ज्याला बांधला जाणार होता, ती प्रत्येक अट त्याच्या तोंडून, त्याला कळणाऱ्या शब्दांत वदवली गेली. मुख्य मजकूर सोपा आणि अटी दुसरीकडे, असं तिथे नव्हतं. अटी हाच मजकूर होता.

सातशे वर्षं मागे गेलो तरी प्रश्न हाच दिसतो. महानुभाव पंथातले केशिराजबास संस्कृतचे पंडित. त्यांच्या मनात संस्कृतात लिहायचं होतं तेव्हा पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्यांना थांबवलं, कारण संस्कृतात लिहिलं तर पंथातल्या म्हाताऱ्या बायाबापड्या त्याला मुकतील. मराठीच्या इतिहासात वाचकाचा इतका नेमका विचार फार कमी वेळा झाला असेल. ‘जनता’ नाही, ‘सर्वसामान्य’ नाही. समोर बसलेल्या म्हाताऱ्या. पुढे याच पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. कारण समजण्यासारखं होतं, ग्रंथ जपायचे होते. पण परिणाम असा झाला की मराठीत लिहिलेलं ते धन पंथाबाहेरच्या मराठी माणसाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत वाचताच आलं नाही. भाषा लोकांची आणि लिपी कुलुपातली. मुंगीएवढ्या अक्षरांतल्या अटी पाहिल्या की मला त्या लिप्या आठवतात. फरक इतकाच की त्यांनी कुलूप ठेवा राखायला लावलं होतं.

आता माझ्याच व्यवसायातल्या मित्रांची हरकत. ते म्हणतात, अटी वकील लिहितात, आपण नाही. फलकावर जागा असते सात शब्दांची. आणि अटी वाचतो कोण? हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. पण अटी कुणी वाचत नाही याचं कारण त्या वाचता येऊ नयेत अशा लिहिलेल्या असतात हेही आहे, आणि ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. म्युच्युअल फंडाची जाहिरात आठवा. ‘मुलीचं लग्न, बाबांचं स्वप्न’ हे सावकाश, मायेच्या आवाजात. ‘बाजारातील जोखमीच्या अधीन’ हे मात्र श्वास न घेता. घरात ‘अधीन’ हा शब्द कोण वापरतं? ‘पैसे कमी होऊ शकतात’ असं म्हणायला तेवढाच वेळ लागतो.

मी स्वतः एका कर्ज देणाऱ्या कंपनीचं पत्रक लिहिलं होतं. मथळा होता ‘एक लाख घ्या, फक्त १० टक्के’. पुढे लहान अक्षरात इंग्रजीत ‘फ्लॅट’. मला मथळ्याचे पैसे मिळाले आणि मी त्या ‘फ्लॅट’ शब्दाकडे दुर्लक्ष केलं. त्याचा हिशेब असा: लाखावर वर्षाचे दहा हजार व्याज, म्हणून बारा हप्ते प्रत्येकी ९,१६७ रुपयांचे. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जाते आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लागतं. उरलेल्या रकमेवर मोजलं तर हाच दर १८ टक्क्यांच्या घरात जातो. ते पत्रक आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या हातात मी पाहिलं. ‘ताई, दहा टक्के म्हंजे स्वस्तच हाये ना?’ त्यांनी विचारलं. त्या दिवशी स्वयंपाकघरात बसून आम्ही वहीवर बारा हप्ते मांडले. मी लिहिलेल्या मथळ्याचा सूर अगदी बरोबर होता, त्यांना तो आपला वाटला होता, आणि तेच त्यातलं सगळ्यात वाईट होतं.

रिझर्व्ह बँकेने हे ओळखलं आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी जे ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक, द्यावं लागतं, त्यात वर्षाचा खरा दर हवा आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवं, असा नियम आहे. म्हणजे सूर जुळवण्याची सक्ती नेमकी तिथे आहे जिथे ती हवी. याउलट दुकानाच्या पाट्यांचं पाहा. राज्याच्या दुकान कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने लहान दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली, देवनागरी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत असंही ठरलं, २०२३ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलं. पाटी मराठीत झाली याचा मला आनंद आहे. पण दाराच्या आत वॉरंटी कार्ड, परताव्याचे नियम, विम्याच्या अटी यांच्या अक्षरांची उंची कुणी मोजली? घर विकणाऱ्यांच्या जाहिरातीत १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, क्यूआर कोड लागतो. चांगलं पाऊल आहे. मात्र ‘हा कोड स्कॅन करून आधी ताबा कधी मिळणार ते पाहा’ एवढं एक मराठी वाक्य त्याच्याशेजारी टाकायला कोणाची हरकत असावी?

इशारा सोपा लिहिता येत नाही, हे तर मी मुळीच मानत नाही. तंबाखूच्या पाकिटावर २०१६ पासून दोन्ही बाजूंना ८५ टक्के जागेत चित्रासह इशारा आहे, आणि तो कुणालाही कळतो. मात्र नागपुरात तिथेही नावाचाच घोळ होतो. इथला माणूस सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकमध्ये घोटून खातो आणि त्याला खर्रा म्हणतो. खर्रा सुटा विकला जातो, त्यावर पाकीट नाही, म्हणून चित्र नाही. आणि भिंतीवर ‘तंबाखूमुक्त परिसर’ लिहिलं तर खर्रा खाणारा म्हणतो, मी कुठे तंबाखू खातो. ‘खर्रा’ हा शब्द लिहायला कचेरीला लाज का वाटावी?

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो लोकांना विषबाधा झाली आणि वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. कारणं बरीच होती: डोक्याइतकी वाढलेली कपाशी, दोन-तीन औषधं एकत्र करणं, जोराचे पंप, तोंडाला साधं फडकंही नाही. त्यानंतरच्या दिवाळीत मी काटोलजवळ मामाकडे गेले होते. मामाने कोठ्यातून कीटकनाशकाची बाटली आणली आणि तिच्यासोबतचं पत्रक माझ्यापुढे धरलं. बाटलीवर टपोरं बोंड होतं, शेतकऱ्याचा हसरा चेहरा होता, आणि मराठीत असा एक जोरदार शब्द होता की तो मीच सुचवला असता. पत्रक उलगडत गेले तर चटईभर झालं. अनेक भाषांत, तांदळाच्या कणीएवढ्या अक्षरांत. ‘पाय बरं वं माय, काय लिवलं हाये त्याच्यात,’ मामा म्हणाला. मी वाचलं: ‘वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी टाळावी. श्वसनाद्वारे शोषण हानिकारक. दूषित वस्त्रे स्वतंत्रपणे धुवावीत.’ मामा सातवी शिकलेला, रोज पेपर वाचणारा. तो म्हणाला, ‘मराठीच हाये ना हे?’ मामी दारातून म्हणाली, ‘म्हंजे फवाऱ्याचे कपडे वेगळे धुवाचे का? मी त साऱ्याईचे संगंच भिजोतो.’

बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंगही त्यांना मी सांगितला. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी; पण हिरवाही निर्धोक नाही. मामाला हिरवा म्हणजे पिकाला चांगला असं वाटत होतं. दुकानात त्याला औषध म्हणतात, घरात औषध म्हणतात. हे विष आहे असं त्याच्याशी त्याच्या भाषेत आजवर कुणी बोललंच नव्हतं. बोंड किती भरेल हे सांगणारा लेखक कंपनीकडे होता. मामीचे हात कशात बुडतात हे सांगायला मात्र नव्हता.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी पाच ओळी लिहिल्या. वारा तोंडावर येत असेल तर फवारू नका. पोटात अन्न नसताना फवारू नका. दोन औषधं एकत्र करू नका. फवाऱ्याचे कपडे वेगळ्या बादलीत, हातात प्लास्टिक घालून धुवा. डोकं गरगरलं की काम टाका, बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा. मामीने वाचून एक दुरुस्ती सांगितली: ‘प्लास्टिक’ नको, ‘पन्नी’ लिव. मी शब्द बदलला आणि तिने तो कागद पंपाच्या वरच्या खिळ्याला अडकवला.